बेगमचा सोग

पंपवाला जलाल रोज सकाळी कब्रस्तानात जाऊन नाकतोडे पकडतो, ही गोष्ट ढाणकीत पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. चौपन्न वर्षांचा माणूस, दाढी अर्धी पांढरी, गुडघे कुरकुरणारे, आणि हातात प्लास्टिकची बरणी घेऊन गवतात उकिडवा बसतो काय, मग एकदम झेप घेतो काय. दहातल्या नऊ वेळा मुठीत नुसती गवताची काडी. पोरगा गेल्यापासून बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं बाजारात लोक बोलत. बोलणाऱ्यांचं काय जातं! डोकं जागेवर होतं त्याचं. त्या दिवसांत अख्ख्या गावात सरळ विचार करणारा तो एकटाच होता म्हणा ना.

घरात काचेच्या पेटीत बेगम होती आणि बेगमला जिवंत किडा लागायचा. आता गावाच्या चारी अंगांना कपाशी. कपाशीवर बोंडअळी आणि बोंडअळीवर फवारा. त्या वर्षी लोकांनी दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारली होती, तरी अळी मरत नव्हती, माणसं मात्र पडत होती. अशा शेतातला नाकतोडा बेगमला घालायचा म्हणजे हातानं विष चारायचं. जिथं कोणी औषध मारत नाही अशी गवताची जागा ढाणकीच्या आसपास एकच उरली होती. तिथंच, बोरीच्या झाडाखाली, आसिमची कबर होती. जलाल आधी कबरीपाशी उभा राहून फातेहा पढायचा, मग चार पावलं बाजूला सरकून किडे धरायचा.

बेगम म्हणजे कोळीण. घराच्या कोपऱ्यात जाळ्यात लटकते ती नव्हे. ही तळहाताएवढी, अंगभर तपकिरी केस, आठ जाडजूड पाय, जमिनीत बीळ करून राहणारी. शिकलेले लोक हिला टॅरंटुला म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तांड्यावरच्या डोंगरसिंगला ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कुंपणाचा खड्डा खोदताना सापडली, तेव्हा जेमतेम रुपयाएवढी होती. डोंगरसिंग मोठा चेष्टेखोर. डब्यात घालून त्यानं ती जलालच्या दुकानात आणली, आसिमला घाबरवायला. आसिम घाबरला तर नाहीच, उलट डबा मागून घेतला, आणि संध्याकाळी जुन्या शोकेसच्या काचा जोडून तिला घर करायला बसला. सतरा वर्षांचा होता तेव्हा.

जलालनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. हा असला घाणेरडा किडा माणसांच्या घरात राहणार नाही, म्हणाला. पण जैबुनबीनं, त्याच्या बायकोनं, निकाल दिला. पैगंबरसाहेब गुहेत होते तेव्हा या जीवानं गुहेच्या तोंडाशी जाळं विणून दुश्मनाला चकवलं, त्याला माझ्या घरातून कोणी काढणार नाही, असं ती म्हणाली, आणि वर नावही तिनंच ठेवलं. जलाल बायकोपुढे गप्प बसला, पण पोरावर चिडून राहिला. "त्या किड्याचं नाव माह्यासमोर घेऊ नको," असं त्यानं आसिमला बजावलं, आणि आसिमनं ते शेवटपर्यंत पाळलं. तीन वर्षं बापलेक एकाच दुकानात खांद्याला खांदा लावून फवारणीचे पंप दुरुस्त करत होते, सगळ्या जगाच्या गप्पा मारत होते, बेगमची तेवढी नाही.

आणि आता तोच बाप गवतात नाकतोड्यांमागे रांगत होता. आसिमचे कपडे जैबुनबीनं वाटून टाकले होते, सायकल भाचा घेऊन गेला. पोराच्या हातचं, श्वास घेणारं असं घरात एकच काही उरलं होतं. ती जगली पाहिजे, एवढंच जलालला कळत होतं.

आसिम कसा गेला ते सांगायला जीभ वळत नाही, पण सांगावं तर लागेल. फवारणी पंपाचं नोझल बारीक असतं, औषधाचा गाळ बसून तुंबतं. ते मोकळं करायची ढाणकीतल्या सगळ्या मिस्त्र्यांची एकच रीत: ओठांत धरायचं आणि जोरानं फुंकायचं. जलालला त्याच्या उस्तादानं तशी शिकवली, जलालनं आसिमला शिकवली. तीस वर्षं कोणाला काही झालं नाही. पण त्या भादव्यात उकाडा असा, की अंगातून पाणी निथळे, आणि दुकानात दिवसाला वीस-वीस पंप, आणि टाकीत काय-काय कालवलेलं ते पंप आणणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका दुपारी आसिम म्हणाला, अब्बा, पान्यावरचा नंबर दिसून नाही राह्यला. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

मग पुढचं. औषधानं मेला म्हणजे पोलिसांचे कागद आले, पोस्टमार्टेम आलं. आपल्यात मय्यतीला उशीर करत नाहीत, जीव गेला की अंघोळ घालून, कफन करून लवकरात लवकर माती द्यायची. इथं दीड दिवस पोरगा एका कुलपामागे पडून होता, कारण एक सही यायची होती. जैबुनबी दवाखान्याच्या बाहेर पत्र्याखाली बसून होती. रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची, माझ्या लेकराला अजून किती ताटकळत ठेवता? पोरगा गेला हे तिनं एक वेळ सोसलं असतं, पण त्याला ताटकळत ठेवलं हे तिच्या काळजातून निघेना. घरी आल्यावरही ती मधूनच बोलायची, "दीड दिवस, आसिमचे अब्बा. दीड दिवस." जलाल मान खाली घालायचा. नोझल फुंकायला मी शिकवलं, हे तिला सांगायचं तो रोज उद्यावर ढकलायचा.

आसिमच्या जाण्याला आठवडा झाला आणि बेगमनं खाणं सोडलं.

सुरुवातीला जलालला वाटलं, किडे लहान पडत असतील. त्यानं मोठे पकडले. ते पेटीत तिच्या पायाशी उड्या मारत फिरले, तिनं ढुंकून पाहिलं नाही. एरवी पाण्याच्या झाकणाला धक्का लागला तरी पुढचे दोन पाय उभारून अंगावर येणारी ती बाई, आता काडीनं डिवचलं तरी हळूच मागे सरकायची. मग त्याच्या मनात भलतंच आलं. आपल्याच हाताला औषध आहे. तीस वर्षं मुरलेलं आहे, साबणानं काय जाणार. त्या दिवसापासून तो चिमट्यानं किडा सोडू लागला, पेटीला हात लावण्याआधी राखेनं कोपरापर्यंत हात घासू लागला, दुकानातले कपडे अंगणातच काढून ठेवू लागला. पोराच्या वेळी हे सुचलं नाही, याचा त्याला रोज राखेनं हात घासताना संताप यायचा, स्वतःचाच.

बेगम काही खाईना. तिचा रंग उतरला, तपकिरी होती ती मळकट काळी दिसायला लागली. एका सकाळी पाहतात तर तिनं बिळाचं तोंड आतून जाळ्यानं बंद करून घेतलेलं.

तेव्हा जैबुनबी पेटीपुढे बसली, बराच वेळ पाहत राहिली, आणि तिनं काय ते सांगून टाकलं. ही आजारी नाही. ही सोगात आहे. घरातलं माणूस गेलं की बाईमाणूस जसं रंगीत कपडा उतरवून पडद्यात बसतं तशी ही बसली. जलालला हे पटलं. न पटायला काय झालं? खाणं नाही, रंग नाही, बाहेर येणं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात तेच चाललं होतं. त्याला तर कुठंतरी बरंही वाटलं. आसिमसाठी झुरणारं घरात आणखी एक कोणी होतं. तो संध्याकाळी पेटीपाशी बसून तिच्याशी बोलू लागला. आज अमक्याचा पंप आला होता, आज बोरीला फुलं दिसली, असलं काहीबाही. तीन वर्षांचं न बोललेलं बोलायचं होतं, आणि ऐकायला ही एवढीच होती. किडे मात्र तो रोज आणत राहिला, आज तरी सोग सोडेल म्हणून.

आसिमचा चाळिसावा झाला. नातेवाईक आले, जेवले, दुवा मागून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जैबुनबीनं पेटीवरचं फडकं उचललं आणि जलालला हाक मारली. बेगम बिळाबाहेर आली होती. मातीवर तिनं पांढरं जाळं अंथरलं होतं, चांगलं जाड, चादर घालावी तसं, आणि त्यावर ती उताणी पडली होती, आठही पाय वर.

जलालनं काडीनं हळूच शिवून पाहिलं. काही नाही. पुन्हा शिवलं. एक मागचा पाय किंचित हलल्यासारखा वाटला, पण काडीचाच धक्का लागला असेल. त्यानं काडी बाजूला ठेवली. जैबुनबीच्या डोळ्यांना धार लागली होती. पत्र्याखाली न आलेलं रडू आता आलं. चाळीस दिवस सोग पाळला आणि आपल्या धन्याकडे गेली, म्हणाली. अंथरूणही स्वतःचं स्वतः घालून गेली.

जलाल म्हणाला, दुपारी दुकानातून येऊन करतो काय करायचं ते.

"दुपारी कायले?" जैबुनबी म्हणाली. "आसिमचे अब्बा, इले तरी ताटकळत ठेवू नका."

झालं, त्या एका वाक्यापुढे कोणाचं काय चालणार. पाय हलल्याचं ओठावर आलेलं त्यानं गिळलं. तिनं आसिमचा धुतलेला रुमाल आणला, बेगमला त्यात अलगद घेतलं, गुंडाळलं. जलालनं अंगणातल्या सीताफळाखाली वीतभर खड्डा केला. दोघांनी मिळून माती लोटली, वर एक चपटा दगड ठेवला. साडेआठ वाजले होते. हातपाय धुऊन जैबुनबी कधी नव्हे ती पोटभर भाकर जेवली, आणि जलालला वाटलं, बरं झालं, तिच्या काळजावरचं थोडं ओझं उतरलं.

दुकानात दुपारी डोंगरसिंग आला. पंप गळत होता, वायसर बदलायचं होतं. जलालनं आपले सगळे डबे धुंडाळले, त्या मापाचं वायसर मिळेना. ते आसिमच्या डब्यात असणार, हे त्याला ठाऊक होतं. खिळ्याला टांगलेला आसिमचा पत्र्याचा डबा चाळीस दिवस त्यानं उघडला नव्हता. डोंगरसिंग म्हणाला, राहू द्या जलालभाई, उद्या येतो. पण आज सकाळपासून जलालला जरा धीर आला होता. त्यानं डबा काढला.

वरच्या कप्प्यात वायसरं होती, मापाप्रमाणे तारेत ओवलेली. खालच्या कप्प्यात कापूस होता. कापूस बाजूला केला तर आत तीन बेगमा होत्या. एक लहान, एक मधली, एक मोठी. केसाळ पाय, सगळं जसंच्या तसं. जलालचा हात मागे आला. पोरानं आणखी कोळिणी मारून ठेवल्या की काय, हे त्याला कळेना.

डोंगरसिंगनं मोठी उचलून तळहातावर घेतली. तिला वजनच नव्हतं. त्यानं ती उन्हात धरली, पाठीवरचं झाकण उचललेलं होतं, आत काही नव्हतं.

"पोकळ आहे हे, जलालभाई. कात टाकली तिनं. आमच्या धुऱ्यावर बिळापाशी पडून राह्यते अशी."

प्रत्येकीच्या खाली कागदाची चिठ्ठी होती, पंपाच्या पावतीच्या मागच्या बाजूला लिहिलेली. आसिमचं अक्षर बारीक. जलालनं चष्मा लावला. पहिलीवर होतं: २२ ऑक्टोबर. सकाळी पाठीवर होती, दुपारी नवी झाली. दुसरीवर: ९ नोव्हेंबर. महिनाभर खाल्लं नाही, रंग काळा, जाळं घालून तोंड बंद. मग पाठीवर. हात लावायचा नाही. तिसरी मागच्या वर्षीची: १७ ऑक्टोबर. पाठीवर सहा तास. अब्बाले दाखवावं वाटलं. पण ते फेकून देतील.

जलालनं ती तिसरी चिठ्ठी दोनदा वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. डोंगरसिंगनं काय झालं विचारलं, तोवर तो रस्त्यावर होता, चपला दुकानातच. चौपन्न वर्षांचा माणूस बाजारातून अनवाणी पळत गेला, आणि या वेळी बोलणारे लोकही काही बोलले नाहीत.

जैबुनबी आत नमाजला उभी होती. त्यानं दगड बाजूला केला आणि दोन्ही हातांनी माती उकरली. फावडं घ्यायची हिंमत झाली नाही, लागेल तिला म्हणून. वरची माती सकाळची, अजून भुसभुशीत होती. रुमाल दिसला तेव्हा त्याच्या तोंडून 'या अल्ला' एवढंच निघालं. त्यानं तो मांडीवर घेऊन उलगडला.

ती कामाला लागली होती. अंधारात, मातीच्या वजनाखाली, तिनं आपलं काम सोडलं नव्हतं. पाठीवरचं झाकण उचललं गेलं होतं, जुन्या काळ्या कातडीतून नवं अंग निम्मं बाहेर आलं होतं, दुधासारखं पांढरं, ओलं, साईपेक्षा मऊ. पुढचे चार पाय सुटले होते. मागचे चार आतच होते. सुटलेले पाय रुमालात दुमडून चेपले गेले होते आणि रुमालातून झिरपलेली माती त्या मऊ अंगाला चिकटली होती. जलालला बोट लावायचा धीर होईना. मग त्यानं तोंड जवळ नेलं आणि हळूहळू फुंकर घालून एकेक कण उडवू लागला. आयुष्यभर फुंकत आला होता, पण इतक्या हळू कधी नाही. माती सगळी गेली. पाय हलला नाही. तो तरी फुंकत राहिला. तिचं अंग अजून ओलं होतं, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. दगड उचलायला तो तासाभरानं उशिरा आला असेल, किंवा अर्ध्या तासानं.

सकाळी पाय हलला होता. त्यानं पाहिलं होतं. आणि तीन वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्यानं पोराला विचारलं असतं की बाबा, काय करते रे तुझी बेगम, तर आसिमनं हात धरून पेटीपाशी नेलं असतं, सगळं समजावलं असतं. त्याला सांगायचं होतं. लिहून ठेवलं होतं त्यानं, सांगावं वाटलं म्हणून. जलालला आता धाय मोकलून रडायचं होतं, पण दाराशी बांगड्या वाजल्या.

जैबुनबी उंबऱ्यात उभी होती, डोक्यावर नमाजची ओढणी तशीच. जलालची पाठ तिच्याकडे होती. काय करता, असं तिनं विचारलं. त्यानं रुमालाची टोकं जुळवली.

"दगड सरकला होता," तो म्हणाला. "नीट करून राह्यलो."

तिनं डोक्यावरची ओढणी सोडवली. मग हळूच विचारलं, तिला तकलीफ तर नसेल ना झाली? जलालच्या खिशात ती तिसरी चिठ्ठी होती. एका चिठ्ठीत या बाईचं उरलंसुरलं काळीज फाडता आलं असतं. पत्र्याखालच्या दीड दिवसानंतर आज पहिल्यांदा ती पोटभर जेवली होती. त्यानं मान हलवली. नाही, म्हणाला, मेलेलीच होती ती, सकाळीच पाहिलं ना आपण.

"हाव," जैबुनबी म्हणाली. "एकाले तरी आपण टायमावर माती देल्ली."

"हाव," जलाल म्हणाला.

ती चहा ठेवायला आत गेली. त्यानं रुमाल पुन्हा खड्ड्यात ठेवला, या वेळी माती मुठीमुठीनं सोडली, आणि दगड नीट बसवला. पायरीशी कब्रस्तानातल्या नाकतोड्यांची बरणी सकाळपासून तशीच पडली होती. त्यानं झाकण काढून ती गवतात आडवी केली. मग राखेनं कोपरापर्यंत हात घासत बराच वेळ बसला.